संसाराची किंमत २९,००० पौंड

ब्रिटनच्या एखाद्या नागरिकाने परदेशी व्यक्तीशी विवाह केला, तर त्या जोडीदाराला मायदेशी आणून संसार थाटण्याचा अधिकार त्याला आहे काय? ब्रिटिश शासनाचे उत्तर असे, की अधिकार आहे, परंतु तो ज्याच्या त्याच्या पगारावर अवलंबून आहे. ११ एप्रिल २०२४ रोजी ही पगाराची रेषा वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेण्यात आली. या रेषेच्या वर असलेला नागरिक आपल्या पत्नीला वा पतीला घरी आणू शकतो. खाली असलेल्याने परदेश गाठावा, अथवा विरह पत्करावा. नागरिकत्व सर्वांचे सारखेच, पारपत्रही त्याच रंगाचे. तथापि कुटुंबाचा हक्क मात्र वेतनाच्या पावतीने ठरतो.

या अटीचा जन्म २०१२ च्या जुलैमधला. त्या वेळी हुजूर पक्ष व उदारमतवादी लोकशाही पक्ष यांचे संयुक्त मंत्रिमंडळ सत्तेवर होते आणि थेरेसा मे गृहमंत्री होत्या. देशात येणाऱ्या परकीयांची निव्वळ संख्या लाखांवरून हजारांवर आणण्याची घोषणा पंतप्रधान कॅमेरून यांनी केली होती, आणि ती पुरी करण्यासाठी मिळेल तो दरवाजा बंद करणे चालू होते. त्यापूर्वी जोडीदाराचा निर्वाह सरकारी मदतीवाचून ‘पुरेसा’ होईल एवढे दाखवणे भागत असे. आता त्या जागी एक आकडा आला. जोडीदारासाठी १८,६०० पौंड. परवाना लागणारे एक मूल असेल तर २२,४००. त्यापुढील प्रत्येक मुलामागे आणखी २,४००. स्थलांतरविषयक सल्लागार समितीने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये सुचवलेल्या कक्षेतील हा सर्वांत खालचा आकडा होता. उत्पन्नाधारित सरकारी साहाय्य ज्या पातळीला दांपत्याला मिळेनासे होते, ती ही पातळी. आपण केवळ आर्थिक बाजू तपासली, सामाजिक वा नैतिक बाजू नव्हे, हे समितीने स्वच्छ नमूद केले होते. शासनाने आकडा तेवढा उचलला.

या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी तो किमान वेतनाशेजारी ठेवून पाहावा लागतो. २०१२ च्या जुलैमध्ये प्रौढ कामगाराचे कायदेशीर किमान वेतन तासाला ६ पौंड ८ पेन्स होते. आठवड्याला ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे एकही दिवस न चुकता काम केले तरी वर्षाची कमाई १२,६४६ पौंडांच्या पुढे जात नव्हती. म्हणजे शासनानेच न्याय्य ठरवलेल्या वेतनावर पूर्णवेळ राबणारा कामगार शासनाच्याच दुसऱ्या नियमानुसार संसार करण्यास अपात्र ठरत होता. पुढे बारा वर्षे रेषा हलली नाही आणि किमान वेतन मात्र वाढत गेले, त्यामुळे हे अंतर हळूहळू बुजत आले होते. २०२४ मध्ये पूर्णवेळ किमान वेतन या जुन्या रेषेच्या बऱ्याच वर गेले. नेमक्या त्याच वर्षी रेषा उचलून पुन्हा कामगाराच्या डोक्यावर नेण्यात आली. २०२५ च्या एप्रिलपासून किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स झाले. त्या दराने ४० तासांच्या आठवड्याचे वर्षाला २५,३९७ पौंड होतात. २९,००० गाठायचे तर वर्षभर दर आठवड्याला जवळजवळ ४६ तास कामावर उभे राहावे लागते; आजारपण नाही, सणवार नाही. लेस्टरच्या एखाद्या वृद्धनिवासात म्हाताऱ्यांची अंगे पुसणारी, हिथ्रोच्या स्वयंपाकघरात विमानप्रवाशांची ताटे भरणारी, गोदामात खोकी उचलणारी माणसे या हिशेबात मोडतात. त्यांच्या श्रमावाचून त्या देशाचा एक दिवस चालत नाही.

ज्याला कष्टच करावे लागत नाहीत त्याची मात्र चिंता मिटलेली आहे. उत्पन्न शून्य असले तरी बँकेत ८८,५०० पौंड सहा महिने पडून असल्याचे दाखवले की अट पूर्ण झाली. हा आकडाही सूत्रातून काढलेला आहे: १६,००० पौंड मूळचे, आणि त्यावर उत्पन्नातील तुटीच्या अडीचपट. सूत्र नीटनेटके आहे, यात शंका नाही. वाडवडिलांच्या घराचे पैसे आलेला रिकामटेकडा त्यातून सुखाने पार होतो आणि दोन पाळ्यांत राबणारा झाडूवाला अडतो.

उत्पन्न दाखवणे हा स्वतंत्र सोपस्कार आहे. आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ज्यांनी तहसील कचेरीचे उंबरठे झिजवले त्यांना तो कळायला वेळ लागणार नाही. सहा महिन्यांच्या वेतनपावत्या, त्यांच्याशी पैनपै जुळणारी बँकेची उताऱ्यांची चळत, मालकाचे विहित नमुन्यातील पत्र. स्वतःचा धंदा असेल तर पूर्ण आर्थिक वर्षाचे हिशेब. रोखीने वेतन घेणारा, तासांची हमी नसलेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणारा कामगार येथे कमाई असूनही गळतो. सर्वांत विचित्र बाब अशी, की सर्वसाधारण नियमानुसार परदेशातून येणाऱ्या जोडीदाराची भावी कमाई हिशेबात धरली जात नाही. पुण्यातील एखाद्या स्त्री अभियंत्याच्या हाती लंडनमधील नोकरीचे पत्र असले आणि तिचा ब्रिटिश पती मुलांच्या संगोपनासाठी घरी बसलेला असला, तरी मोजायचे ते पतीचे उत्पन्न. त्यावर शुल्क वेगळे. २०२५ च्या एप्रिलमध्ये देशाबाहेरून करावयाच्या अर्जाचे शुल्क १,९३८ पौंड होते, आणि त्यासोबत आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे ३,१०५ पौंड. पहिल्याच पायरीवर ५,०४३ पौंड झाले. ही पायरी अडीच-पावणेतीन वर्षांची. मग पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा अधिभार. येणारी व्यक्ती नोकरीला लागली की त्याच आरोग्यसेवेसाठी करही भरते, हे सांगण्याची गरज नाही.

अटीच्या समर्थनार्थ नेहमी करदात्याचे नाव पुढे केले जाते. परदेशी जोडीदार सरकारी तिजोरीवर भार होऊ नये, एवढेच शासनाला पाहायचे आहे, असे म्हणतात. प्रथमदर्शनी हे पटण्यासारखे वाटते. परंतु या परवान्यावर येणाऱ्या व्यक्तीला सार्वजनिक निधीतून साहाय्य मिळणार नाही, ही अट परवान्यावर आधीच असते. जे साहाय्य मिळणारच नाही ते वाचवण्यासाठी आणखी एक भिंत कशाला? उलट, जोडीदाराला बाहेर ठेवल्याने तिजोरीचा खर्च वाढण्याचा संभव अधिक. पती परदेशी अडकलेली आई एकटीने मूल सांभाळते, पाळणाघराचा खर्च झेपत नाही म्हणून कामाचे तास कमी करते, आणि मग तिला साहाय्यासाठी अर्ज करावा लागतो. दोन हातांनी कमवायचे आणि दोन हातांनी मूल सांभाळायचे, हे श्रमविभाजन जिथे शक्य होते तिथेच शासनाने ते मोडून ठेवले. घरकाम व संगोपन यांना राष्ट्रीय उत्पन्नात स्थान न देणाऱ्या अर्थशास्त्राने शेवटी अशी धोरणे प्रसवावीत, यात नवल नाही.

याचा अधिक भार स्त्रियांवर पडतो. त्यांचे वेतन सरासरीने कमी आणि अर्धवेळ कामात त्यांचेच प्रमाण अधिक. लंडनचा पगार आणि ईशान्य इंग्लंडमधला पगार यांत अंतर मोठे, पण रेषा दोन्हीकडे एकच. आणि मुले? इंग्लंडच्या बालक आयुक्तांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या नियमांची झळ लागलेल्या मुलांची संख्या किमान १५,००० असावी असा अंदाज होता. आई वा बाप दूरध्वनीच्या पडद्यावरच भेटणारी ही मुले. त्यांतील बहुतेक स्वतः ब्रिटिश नागरिक होती.

गरिबाच्या हालचालीवर किमतीचे फाटक बसवण्याची ही इंग्लंडमधील पहिली वेळ नव्हे. १६६२ च्या वसाहत कायद्याने नवीन गावी राहायला आलेल्या माणसाचे वर्षाचे घरभाडे १० पौंडांपेक्षा कमी असेल, तर गावाच्या गरीब-निधीवर उद्या भार पडेल या भीतीने त्याला चाळीस दिवसांच्या आत मूळ गावी हाकलण्याची मुभा दिली होती. प्रत्यक्ष मदत मागितलेली असण्याची आवश्यकता नव्हती; मागेल ही शंका पुरेशी होती. या कायद्यावर कठोर टीका केली ती कोणा समाजवाद्याने नव्हे, तर ॲडम स्मिथने, आपल्या १७७६ च्या ग्रंथात. मुक्त बाजाराचे नाव घेणाऱ्या हुजूर पक्षाने आपल्या आद्य गुरूचे एवढे तरी वाचायला हरकत नव्हती. (जाता जाता: १८४९ मध्ये लंडनला आलेल्या मार्क्सपाठोपाठ काही आठवड्यांतच जेनी मुलांना घेऊन तेथे पोचली. त्या कुटुंबाकडे उत्पन्नाचा दाखला कोणी मागितला असता, तर ‘भांडवल’ हा ग्रंथ कोठे लिहिला गेला असता कोण जाणे.)

वर्गाच्या या प्रश्नाला वर्णाचे अस्तर आहे. १९७९ च्या जानेवारीत लग्नासाठी हिथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय स्त्रीची कौमार्यचाचणी करण्यात आली; ती वाग्दत्त वधू आहे की आधीच विवाहित, हे ताडण्याचा तो अधिकाऱ्यांचा मार्ग होता. भारत सरकारने निषेध केला, बभ्रा झाला, ती पद्धत थांबवली गेली. पण संशयाची वृत्ती टिकून राहिली. ऐंशीच्या दशकात ‘प्रधान हेतू’चा नियम राबवला गेला. लग्नाचा प्रधान हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करायचे. भारत, पाकिस्तान, बांगलादेशातील हजारो वरांचे अर्ज या एका शब्दप्रयोगावर फेटाळले गेले. पतीला आणणाऱ्या स्त्रियांना पत्नी आणणाऱ्या पुरुषांहून कठोर नियम लावले जातात, ही लिंगभेदाची वागणूक आहे, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८५ च्या मे महिन्यात दिला. त्यावर थॅचर सरकारने समता आणली ती अशी, की स्त्रियांचा हक्क वाढवण्याऐवजी पुरुषांचाही कमी करून टाकला. १९९७ च्या जूनमध्ये नव्याने सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने प्रधान हेतूचा नियम रद्द केला, हे त्या पक्षाच्या खात्यावर नोंदवलेच पाहिजे. पंधरा वर्षांनी त्याच जागी पैशाचा नियम आला. पूर्वी अधिकारी मनातला हेतू तपासत. आता खिसा तपासतात. दुसरी पद्धत वरकरणी निःपक्षपाती दिसते, म्हणून तिच्याविरुद्ध लढणे अधिक अवघड.

न्यायालयातही तोच अनुभव आला. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली. मुलांच्या हिताकडे नियमांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि उत्पन्नाचे अन्य मार्ग विचारात घेण्यावरील बंधने अवास्तव आहेत, एवढे मात्र न्यायाधीशांनी सुनावले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अपवादात्मक परिस्थितीसाठी एक खिडकी उघडण्यात आली. एक आडवाट तोवर चालू होती. सुरिंदर सिंग नावाच्या भारतीय पतीच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने १९९२ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, ब्रिटिश नागरिक दुसऱ्या युरोपीय देशात खरोखर नोकरी करून परतला, तर त्याच्या जोडीदाराला ब्रिटनचे कडक नियम लागू होत नसत. अनेक जोडपी त्यासाठी आयर्लंडला वा जर्मनीला जाऊन राहिली. ब्रिटनने युरोपीय संघ सोडला आणि ही वाटही बुजली.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी ही रेषा थेट ३८,७०० पौंडांवर नेण्याचे जाहीर केले. हा आकडा कुशल परदेशी कामगारांच्या परवान्यासाठी ठरवलेला होता. मालक परदेशातून श्रमशक्ती विकत आणतो तेव्हा स्थानिक वेतन पडू नये म्हणून जी पट्टी वापरायची, तीच पत्नीला लावली गेली. जणू नवरा तिला कामावर ठेवत आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पूर्णवेळ कामगारांचे मध्यक वेतन ३४,९६३ पौंड होते. म्हणजे पूर्णवेळ काम करणाऱ्या अर्ध्याहून अधिक लोकांना हा हक्क नाकारण्याचा बेत होता. ओरड झाल्यावर टप्प्याटप्प्याने जाण्याचे ठरले आणि २९,००० हा पहिला टप्पा झाला.

२०२४ च्या जुलैमध्ये मजूर पक्ष निवडून आला. गृहमंत्री इव्हेट कूपर यांनी पुढचे टप्पे थांबवले, आणि प्रश्न पुन्हा त्याच सल्लागार समितीकडे पाठवला. समितीचा अहवाल १० जून २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. कुटुंबाने स्वतःचा निर्वाह करावा एवढाच हेतू असेल तर २३,००० ते २५,००० पौंड पुरेत. कुशल कामगारांची पट्टी कुटुंबाला लावण्यास आधार नाही. ब्रिटनची रेषा अन्य श्रीमंत देशांच्या तुलनेत उंच आहे, असे तिने म्हटले. म्हणजे ज्या तज्ज्ञांच्या गणिताचा आधार घेऊन २०१२ साली भिंत बांधली, त्यांच्याच गणिताने ती आता फार उंच ठरली. कामगारांच्या नावाने मते मागणाऱ्या सरकारजवळ तेव्हाच रेषा खाली आणण्याचे सबळ कारण होते. परंतु अहवाल आला तेव्हाही अट २९,००० चीच होती. परकीयद्वेषाच्या वाऱ्यावर वाढणाऱ्या उजव्या पक्षांच्या भीतीने मजूर पक्षाचे पाऊल अडखळते, हे उघड आहे. ज्या चळवळीने १९७६ ते १९७८ या काळात ग्रनविकच्या फाटकाशी जयाबेन देसाई आणि त्यांच्या साथिणींबरोबर हजारोंच्या संख्येने उभे राहून दाखवले, तिचाच राजकीय पक्ष हा आहे.

भारत सरकारचे मौनही नोंदवण्यासारखे आहे. २४ जुलै २०२५ रोजी दोन्ही देशांत व्यापार करार झाला. ब्रिटनच्या व्हिस्कीवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे त्यात ठरले. तात्पुरत्या नेमणुकीवर जाणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्यांच्या सामाजिक विम्याच्या वर्गणीचा प्रश्नही मार्गी लागला, आणि त्यात त्यांच्या कंपन्यांचाही लाभ आहे. लुधियानातल्या, सुरतेतल्या किंवा पुण्यातल्या ज्या घरांतली पत्नी वा पती पगाराच्या रेषेपायी वर्षानुवर्षे अलीकडेच राहिले आहेत, त्यांच्याविषयी त्या करारात एक ओळ नाही.