रक्तहीन मृगया

बंदूक गेली आणि कॅमेरा आला, ही मानवी सुधारणेची एक ठळक खूण होय, असें आपल्या सुशिक्षित समाजांत सर्रास मानलें जातें. पूर्वीचे साहेब व संस्थानिक पाणपक्ष्यांचे ढीग पाडून त्यांजसमवेत आपली तसबीर काढवून घेत. आम्ही पक्ष्यास जिवंत ठेवून केवळ त्याचीच तसबीर घेतों. मग आमच्या हातून पाप तें कोणतें घडलें, असा प्रश्न मोठ्या समाधानानें विचारण्यांत येतो. या समाधानासच आज आम्हांस हरकत घ्यावयाची आहे. आणि ती घेतांना प्रथम आपलाच कान पकडणें आम्हांस प्राप्त आहे.

गेल्या फेब्रुवारींत चार स्नेह्यांसमवेत शनिवार-रविवार साधून आम्ही भिगवणनजीक कुंभारगांवीं गेलों होतों. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या फुगवट्याखालीं गांवेंच्या गांवें बुडालीं, आणि त्याच उथळ, गाळानें समृद्ध झालेल्या कांठांवर पुढें रोहित, पट्टकदंब, चक्रवाक असे पक्षी हिवाळ्यांत जमूं लागले. पहांटेच्या धुक्यांत आमची नाव रोहितांच्या थव्यापासून बऱ्याच अंतरावर थांबली. शेंदोनशें पक्षी चोंच उलटी करून चिखलमिश्रित पाण्यांतून आपलें अन्न गाळीत होते. दृश्य डोळ्यांस पुरेसें होतें, कॅमेऱ्यांस नव्हतें. कारण रोहिताच्या पंखांतील खरी लाली तो उडाल्यावांचून दिसत नाहीं. आमच्या चेहऱ्यांवरील भाव ओळखून नावाड्यानें सहज विचारलें, "उडवूं का साहेब?" आमच्यांतील एकानेंही 'नको' म्हटलें नाहीं. नाव पुढें सरली, थवा उठला, कॅमेऱ्यांनीं क्षणार्धांत शेंकडों चित्रें टिपलीं, आणि आम्हीं एकमेकांचें अभिनंदन केलें. उतरतांना ठरल्या भाड्याहून शंभर रुपये अधिक नावाड्याच्या हातावर ठेवले, ते कशाबद्दल हें सांगावयास नकोच.

एकदां उडाला म्हणून पक्ष्याचें काय बिघडलें, असें विचारणाऱ्यांनीं हिशेब मांडून पाहावा. रोहितास चिमणीसारखें जागच्या जागीं उडतां येत नाहीं. पाण्यावर कांहीं पावलें धांवून मग तो हवेंत उठतो. या खटाटोपांत त्याची शक्ति खर्ची पडते, आणि तेवढा वेळ चरणें बंद राहतें तें वेगळेंच. पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येथें येतो व उन्हाळ्यापूर्वीं तोच ओलांडून परत जातो. त्या वाटेची शिदोरी त्यास येथेंच अंगावर बांधून घ्यावी लागते. आमची नाव एकदांच जाते हें खरें. परंतु रविवारच्या सकाळीं तिच्यामागें दुसरी व दुसरीमागें तिसरी असते, आणि प्रत्येकींतील मंडळी 'एकदांच' असेंच म्हणत असतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीची जी व्याख्या केली आहे, तींत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस उपद्रव देणें याचाही समावेश आहे. म्हणजे बंदूक, रक्त व प्रेत यांवांचूनही शिकार होऊं शकते, हें कायदेकारांस तेव्हांच उमगलें होतें. चरणाऱ्या थव्यास उडविणें त्या व्याख्येंत बसतें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जें तत्त्व घरट्यास लागू, तें त्या घरट्यापर्यंत पोंचण्यासाठीं शक्ति सांठविणाऱ्या पक्ष्यास नीतिदृष्ट्या लागू कां नसावें?

प्रतिपक्षाचा भक्कम मुद्दा नावाड्याच्या पोटाचा आहे. मासेमारीवर न भागणाऱ्या घरांस पाहुण्यांमुळें चार पैसे मिळतात, हें आम्हांस मान्य आहे. किंबहुना कोणी नावाड्यास बोल लावील, तर आम्ही नावाड्याचीच बाजू घेऊं. त्यानें पक्षी उडविले ते आमच्यासाठीं. गिऱ्हाइकास चरणारा पक्षी पुरेल, तर तो इंजिन लांबच बंद करील. त्यांत त्याचें तेलही वांचेल.

दुसरा मुद्दा असा कीं, कॅमेऱ्यानें पक्षिप्रेम वाढतें. डॉ. सलीम अली यांनीं १९३० सालीं किहीमला सुगरणींच्या वसाहतीचें दिवसचे दिवस निरीक्षण केलें. नर अर्धें घरटें विणतो, मादी तें पसंत करते, आणि मग तो दुसऱ्या घरट्याच्या उद्योगास लागतो, हा क्रम त्यांतून उलगडला. त्यासाठीं पक्षी उडविण्याची गरज पडली नाहीं. बसून राहण्याची पडली. उलट आम्ही! थवा उडून कोठें उतरला, हें परतीच्या वाटेवर आम्हां पांचांपैकीं एकासही सांगतां आलें नाहीं. सर्वजण कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्रें निवडण्यांत गढून गेले होते. प्रेम म्हणतात तें हेंच काय?

कॅमेरा पाण्यांत फेंकून द्यावा, असें आम्ही म्हणत नाहीं. नावेंत पाय ठेवण्यापूर्वींच 'पक्षी उडवावयाचे नाहींत' असें नावाड्यास बजावावें, आणि ते अधिक शंभर रुपये त्याबद्दल द्यावे, एवढीच आमची मागणी आहे. येत्या हिवाळ्यांत आम्ही याच अटीवर पुन्हां जाणार आहों. आमच्या बैठकीच्या खोलींत लावलेलें उडत्या थव्याचें चित्र पाहून येणारेजाणारे वाहवा करितात. तें चित्र कसें मिळालें, हें आम्हीं त्यांतील कोणासही सांगितलें नव्हतें. तें आज येथें सांगितलें.