घरीच तर आहे!



मार्च २०२० मध्ये कॉलेजांना टाळे लागले आणि थोड्याच दिवसांत मोबाइलवर तास भरू लागले. त्या वेळी पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेली मुले आज नोकरीला लागली आहेत, काहींचे निकाह झाले आहेत, काही अजून स्पर्धा परीक्षा देत आहेत. त्यांच्यापुढे ऑनलाइन शिक्षणाचा विषय काढून पाहा, हमखास दोन तट पडतात. कोणी म्हणते, “आमचं वर्ष वाचलं.” कोणी म्हणते, “डिग्री मिळाली, पण शिकलो काय ते विचारू नका.” दोघेही खरेच सांगतात. पुढे थोडे विचारत गेले की लक्षात येते, तास तेच होते, प्राध्यापक तेच होते, घरे मात्र वेगवेगळी होती.

आधी साधनांचे पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील शंभरातील जेमतेम ४.४ घरांत संगणक होता, शहरांत २३.४ घरांत. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के घरांत आणि शहरांत ४२ टक्के घरांत होती. म्हणजे बहुतेकांच्या घरी कॉलेज आले ते मोबाइलच्या पडद्यावर. त्यातही मोबाइल एक आणि शिकणारे तीन. थोरला बी.कॉम.ला, मधली बारावीला, धाकटा सातवीला. सकाळी दहाला तिघांचाही तास. मग कोणाचा तास बुडायचा? परीक्षा जवळ असलेल्याला मोबाइल मिळायचा आणि बहुतेक वेळा मुलगी मागे राहायची. दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपायचा, ते वेगळेच.

कोकणातल्या मुलांचे हाल आणखी निराळे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, शेजारचे मंडणगड आणि दापोली या भागांत विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. कित्येक गावे पुढे अनेक दिवस अंधारात होती. जिथे घरावर कौले उरली नव्हती तिथे ऑनलाइन तासाची काय कथा! वीज आल्यावरही रेंजसाठी टेकडी चढणारी मुले होतीच.

बरे, मोबाइलही आहे, डेटाही आहे, तरी अडचण संपत नव्हती. मुंब्रा, भिवंडी, मालेगावात एका खोलीत सहा-सात माणसे राहतात. टाळेबंदीमुळे ती सगळी दिवसभर घरातच. सर म्हणायचे, “कॅमेरा सुरू करा.” मागे अब्बा बनियनवर बसलेले, अम्मी कांदा चिरतेय, दादी नमाज पढतेय, कुकरची शिट्टी वाजतेय. मुलगी कॅमेरा कसा सुरू करणार? माइक सुरू केला तर घरातला सगळा गोंगाट वर्गात. मग दोन्ही बंद. सरांना वाटायचे, मुलीचे लक्षच नाही. आणि तिची शंका विचारायची राहून जायची. त्या काळाबद्दल विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. ऐकायला मिळाले, विचारायला मिळाले नाही. विज्ञान शाखेच्या मुलांनी तर रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके व्हिडिओवर पाहिली, ब्युरेट हातात न धरताच सेमिस्टर संपले.

चांगली बाजूही सांगितली पाहिजे. तासाचे रेकॉर्डिंग असेल तर न कळलेला भाग पुन्हा ऐकता यायचा. वर्गात हात वर करायला लाजणारी काही मुले चॅटमध्ये प्रश्न लिहू लागली. एस.टी.चा प्रवास आणि भाडे वाचले. लग्न झालेल्या एखाद्या मुलीला सासरी राहून शेवटचे वर्ष पूर्ण करता आले. ज्यांना घरात एक कोपरा आणि दोन तासांची शांतता मिळाली, ती मुले आजही ऑनलाइन शिक्षणाबद्दल चांगले बोलतात.

पण ती शांतता मुलींच्या वाट्याला कमीच आली. “घरीच तर आहे” हे तीन शब्द त्यांनी फार ऐकले. घरीच तर आहे, भाकऱ्या थाप. घरीच तर आहे, पाहुण्यांचा चहा बघ. कॉलेजात असताना तिच्या तासाच्या वेळेत कोणी हाक मारत नव्हते. मुलांचे वेगळेच झाले. यंत्रमाग थांबले, अब्बांची मजुरी बंद झाली, तेव्हा अनेकांनी भाजीची गाडी लावली, कोणी पार्सल पोचवायला लागले. एका कानात इअरफोन घालून तास ऐकत काम करणारे होते, पण असे किती दिवस चालणार?

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. २०२०-२१ मध्ये ते १९.२१ लाखांवर आले. त्याच वर्षी देशातील एकूण विद्यार्थी मात्र ३.८५ कोटींवरून ४.१४ कोटींवर गेले. पुढच्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, आपला आकडा पुन्हा २१.१ लाख झाला आणि त्यात जवळपास निम्म्या मुली होत्या. अल्हम्दुलिल्लाह, ही आनंदाची गोष्ट आहे. पण आकडा भरून निघाला म्हणजे गळालेली मुलेच परत आली असे नाही. त्यांच्या जागी नवी आली. गळालेली कुठे आहेत, हे आपापल्या मोहल्ल्यात पाहावे लागेल.

ज्यांनी पदवी घेतली त्यांनाही टोमणे चुकले नाहीत. राज्य सरकारला अंतिम वर्षाच्या परीक्षा नको होत्या, विद्यापीठ अनुदान आयोगाला हव्या होत्या. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निकाल दिला आणि पुढे ऑक्टोबरमध्ये अनेकांनी मोबाइलवर बहुपर्यायी प्रश्न सोडवले. तरी लोक त्यांना “कोविड बॅच” म्हणून हिणवतात. महिनोन्‌महिने परीक्षा होणार की नाही या धास्तीत काढलेल्या मुलांना असे बोलणे अन्यायाचे आहे.

हा विषय आज का काढला? कारण ऑनलाइन शिक्षण गेलेले नाही. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठे एका सेमिस्टरमधील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावरून शिकू देऊ शकतात. म्हणून पालकांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तासाची वेळ घरात सर्वांना माहीत असावी आणि त्या वेळेत मुलीलाही हाक मारू नये. घर लहान असेल तर मोहल्ल्यातील एखादी अभ्यासिका, शाळेचा रिकामा वर्ग किंवा जमातीचा हॉल दोन तास उघडून द्यावा. न कळलेले प्रश्न वहीत लिहून ठेवावेत आणि आठवड्यातून एकदा तरी शिक्षकांना समोर भेटून विचारावेत.

आणि एक सावधगिरी. “आता सगळं ऑनलाइन मिळतं, कॉलेजला कशाला पाठवायचं?” असे काही घरांत मुलींबाबत बोलले जाऊ लागले आहे. जिला खरोखर दुसरा मार्ग नाही तिच्यासाठी मोबाइलवरचे शिक्षण ही मोठी सोय आहे. पण जी कॉलेजला जाऊ शकते तिचे ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैत्रिणी आणि प्रश्न विचारण्याची संधी या सोयीच्या नावाखाली काढून घेऊ नये.

ज्यांचे शिक्षण त्या दोन वर्षांत सुटले, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांचे दरवाजे उघडे आहेत. काम सांभाळून तिथे पदवी पूर्ण करता येते. तुमच्या घरात, शेजारी असा मुलगा किंवा मुलगी असेल तर या प्रवेशाच्या वेळी त्यांच्याजवळ बसा, जुनी गुणपत्रके शोधून काढा आणि अर्ज भरून द्या. गरज पडल्यास पहिल्या वर्षाच्या फीचा भारही चार घरांनी मिळून उचलता येईल.