पैशाचा हिशेब आणि पैसाचा खांब

परीक्षा आटोपल्या, की आमच्या मराठी विभागाची सहल निघते. ती बहुधा अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला जाते. आणि अलीकडे सहलीआधीच्या बैठकीत एकच प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतो. तिथे गेल्यावर ‘ती बग्गी’ घ्यायची की नाही? बग्गी म्हणजे घोड्यांची नव्हे. रुंद, खरबरीत टायरांची, वर लोखंडी पिंजरा असलेली, रस्ता सोडून दगडधोंड्यांतून आणि चिखलातून उसळत जाणारी मोटारगाडी. सोबत वाटाड्या आणि माणशी ठरलेला दर. विद्यार्थ्यांची मागणी एकमुखी असते, सहकाऱ्यांपैकी निम्मे अनुकूल असतात, आणि वादाचा निकाल ज्या शब्दांनी लागतो ते शब्द म्हणजे ‘पैसा वसूल’. या लेखाचे भांडण मुख्यतः त्या शब्दांशी आहे.

आमच्यावर पहिला आरोप काय होईल, हे आम्हांस ठाऊक आहे. चाळिशी ओलांडलेल्या, मणक्यांच्या तक्रारी सुरू झालेल्या तीन अध्यापकांनी तरुणांच्या आनंदावर विरजण घालण्यासाठी मांडलेले हे कीर्तन आहे, असे म्हटले जाईल. म्हणून प्रथम कबुली देतो: आम्ही त्या गाडीत बसलो आहोत. दोन वर्षांपूर्वी, मेच्या अखेरीस, वीस मिनिटे. मजा आली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. एका चढावर गाडीची पुढची चाके उचलली गेली, तेव्हा आमच्यापैकी जे वर्गात रससिद्धान्त शिकवतात, त्यांनी भयानक आणि अद्भुत हे दोन्ही रस एकदमच अनुभवल्याचे नंतर मान्य केले. तेव्हा प्रश्न मजेचा नाहीच. मजा जत्रेतल्या आकाशपाळण्यातही येते. प्रश्न असा, की ही मजा घेण्यासाठी भंडारदऱ्यापर्यंत का जायचे?

जाहिरातीत त्या फेरीस ‘मार्गदर्शित सफर’ म्हटले होते. वीस मिनिटांत मार्गदर्शकाने आम्हांस तीनच वाक्ये सांगितली: घट्ट धरा, हात बाहेर काढू नका, फोटो हवा असेल तर इथे काढा. दोष त्याचा नाही. इंजिनाच्या आवाजात चौथे वाक्य ऐकूच आले नसते. पण न सांगितलेले काय काय होते, ते पाहावे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, याच परिसरात आहे. रतनगड आहे, ज्याच्या डोंगरात प्रवरा उगम पावते, आणि त्याच्या पायथ्याशी रतनवाडीस अमृतेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण आहे. त्या धरणाच्या पाण्यावर जिल्ह्याच्या खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला आणि १९५० साली प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखाना सुरू झाला. वरच्या अंगाच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांच्या वाट्यास मात्र ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आली. इंग्रजी राजवटीविरुद्ध उठाव करून १८४८ साली ठाण्यास फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. ‘सफर’ हा शब्द वापरणाऱ्याने यांतील किमान एखादी गोष्ट सांगावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येईल काय?

यावर आमचे एक सहकारी म्हणतात, “अहो, व्याख्यान ऐकायचे असते तर मुले वर्गातच बसली नसती का?” हा टोला आम्हांस मान्य आहे. वर्गातील रिकाम्या बाकांची जबाबदारीही मान्य आहे. परंतु व्याख्यान आणि बग्गी यांच्यामध्ये आणखी एक जुनी गोष्ट आहे, तिचे नाव पायी चालणे. मराठी प्रवासलेखनाचा आरंभ आपण ज्या पुस्तकापाशी शिकवतो, ते गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाले. वरसईच्या या भिक्षुकाने सत्तावनच्या धामधुमीत उत्तरेकडचा मुलूख बव्हंशी पायी पाहिला, आणि पायी पाहिला म्हणूनच त्याला वाटेत माणसे भेटली. गो. नी. दांडेकरांनी किल्ल्यांवर लिहिले तेही किल्ले चढून. हे संदर्भ आम्ही परीक्षेत विचारतो, त्यांवर गुण देतो, आणि सहलीस निघालो की गाडीचा दर विचारतो. ही विसंगती विद्यार्थ्यांची नव्हे, आमची आहे.

बग्गीच्या बाजूने गंभीर म्हणावेत असे दोन युक्तिवाद आहेत. पहिला ज्यांना चालता येत नाही त्यांचा. वृद्धांनी, अपंगांनी डोंगर पाहूच नयेत काय? जरूर पाहावेत. पण ज्याची पाठ दुखते, ज्याला हृदयविकार आहे, त्याला ही उसळणारी गाडी उलट वर्ज्यच असते. दर्शनी फलकावरच तशी सूचना होती. त्याच्यासाठी साधी जीप आहे, जलाशयातून रतनवाडीकडे जाणारी होडी आहे. जो युक्तिवाद ज्यांच्या नावे केला जातो, त्यांनाच त्या गाडीत जागा नाही.

दुसरा युक्तिवाद रोजगाराचा. तो आम्ही हलक्याने घेत नाही. आमच्या वर्गातील कित्येक मुले याच तालुक्यातून येतात आणि पदवीनंतर त्यांच्यापुढे काय आहे, हे आम्ही रोज पाहतो. पण हिशेबच करायचा तर तो पुरता करावा. बग्गी ज्याच्याकडे भांडवल आहे तो विकत घेतो. गावातील तरुण तीवर चालक म्हणून रोजावर राहतो. उलट गावातल्या घरी उतरणे, तिथेच नाचणीची भाकरी खाणे, त्याच घरातील मुलाला वाटाड्या म्हणून सोबत घेऊन सांदण दरीकडे किंवा रतनगडाकडे जाणे, यात मोजलेली रक्कम थेट त्या घरात पोहोचते. पुरुषवाडीसारख्या गावाने पाहुण्यांना घरी उतरवून काजवे दाखवण्याची रीत रुजवली, ती या मुलखातलीच. रोजगाराची चाड असणाऱ्याने आधी तिकडे वळावे.

आता जे सांगायचे आहे, त्यासाठी खरे तर हा लेख लिहावयास घेतला. आमच्या त्या फेरीच्या वेळी एक विद्यार्थी गाडीत बसला नाही. पैसे नसतील असे समजून आम्ही त्याचे भरू लागलो, तर नको म्हणाला. परतल्यावर आमच्या कपड्यांवर काळा धुरळा बसला होता. तो झटकताना त्याने हळूच सांगितले, “सर, शेवटच्या वळणाला काळी धूळ उडाली ना, तो माझ्या मामांचा राब होता.”

ज्यांस राब ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या लहानशा तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरून उन्हाळ्यात भाजतात. पहिल्या पावसाच्या सुमारास तिथे बी पेरतात. रोपे वाढली की उपटून खाचरांत लावतात. घराचे वर्षाचे भात त्या दोन-चार वाफ्यांवर उभे असते. गाडीसाठी भाड्याने दिलेला माळ शेजारचा होता. वळण मोठे घेतले की थरार वाढतो, म्हणून चालकाने बांध ओलांडला होता. आम्ही त्याच वळणावर ओरडलो होतो, आणि ते ओरडणे आनंदाचे होते. मामांनी तक्रार केली काय, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, “चालवणारा पण आमच्यातलाच आहे, सर.” पुढे आम्हांस काही बोलवले नाही. राब परत भाजता येतो, असे त्यानेच आम्हांस धीर द्यावा म्हणून सांगितले. त्यासाठी लागणारा पालापाचोळा मे अखेरीस कुठून आणायचा, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

‘पैसा वसूल’ या हिशेबात हा राब कुठल्या रकान्यात मांडायचा? काजव्यांचे काय करायचे? मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत इथली झाडे काजव्यांनी लखलखतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीचा परस्परांना दिलेला संकेत असतो. प्रखर दिवे त्यावर पडले की तो संकेत हरवतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ साली घोषित झालेले अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यात शिरण्यास परवानगी लागते, हे आम्ही जाणतो. पण कायद्याची हद्द जिथे संपते तिथे आपली जबाबदारीही संपते, असे मानणाऱ्याशी आमचे जमणार नाही.

रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनांचा आम्हांस मुळातच तिटकारा आहे, असेही नाही. अहिल्यानगर शहरात (२०२४ पर्यंत अहमदनगर) लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. लष्करी वाहने जिथे घडवली आणि तपासली जातात ती संरक्षण खात्याची संशोधन संस्थाही तिथेच आहे. खडबडीत वाटेवर चालणाऱ्या वाहनास तिथे प्रयोजन आहे, आणि त्यासाठी राखलेली जागाही आहे. आमचे म्हणणे नेमके तेवढेच आहे. कुंपण घातलेल्या, खाजगी, शेतीस निरुपयोगी जागेत, हेल्मेट आणि पट्टा लावून, विम्याचे कागद पाहून ज्याला ही गाडी फिरवायची असेल, त्याने खुशाल फिरवावी. आकाशपाळण्याचा दर परवडतो की नाही, एवढाच प्रश्न मग उरतो आणि तो ज्याचा त्याने सोडवावा. मात्र अशी जागा शहराजवळही मिळेल. भंडारदऱ्यास येऊन सुट्टीचा अर्धा दिवस त्यात घालवणे आम्हांस व्यर्थ वाटते.

रतनगडाहून निघालेली प्रवरा पुढे नेवाशास जाते. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली ती त्या काठावर, आणि ज्याला टेकून ती सांगितली असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब तिथे आजही आहे. दुर्गाबाई भागवतांच्या १९७० सालच्या ‘पैस’ या संग्रहाला नाव मिळाले ते त्यावरूनच. पैस म्हणजे विस्तार, मोकळीक. ‘पैसाचा’ आणि ‘पैशाचा’ यांत एका अक्षराचा फरक आहे; उत्तरपत्रिका तपासताना आम्ही त्याच्यासाठी अर्धा गुण कापतो. सुट्टीत माणूस डोंगराकडे जातो तो पैस मिळावा म्हणून, अशी आमची समजूत होती. हिशेब मात्र पैशाचा होतो.

यंदाच्या बैठकीत आम्ही विरोधी मत नोंदवले आणि आमचा पराभव झाला. सहलीत बग्गी आहे. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी रतनवाडीपर्यंत पायी जाण्याचा पर्याय ठेवावा, एवढी दुरुस्ती मात्र मंजूर झाली. वाटाड्या म्हणून तोच विद्यार्थी येणार आहे. त्याचा दर आम्ही त्यालाच ठरवायला सांगितला आहे. आजवर चार नावे आली आहेत, त्यांतील तीन आमचीच.