मशीन बाईच्या नावावर, जमीन कोणाच्या नावावर?



मार्च महिना जवळ आला की तालुक्याच्या साहेबांना आदिवासी बाईची आठवण येते. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के पैसे महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असा नियम आहे. वर्षभर पैसे पडून राहतात आणि मार्चमध्ये जीप पाड्यावर येते. शिलाई मशीन घ्या, पिठाची गिरणी घ्या, सक्षम व्हा! फोटो काढला, अंगठा घेतला, जीप गेली.

आम्ही मशीनच्या विरोधात नाही. ज्या पोरीला शिवता येते तिला ती जरूर मिळावी. पण ज्या पाड्यावर लाईटच नाही तिथे विजेची गिरणी कोणासाठी? (ती बाजाराच्या गावात कोणाच्या ओट्यावर चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे.) आणि यादीत नावे कोणी घातली? १९९६ चा पेसा कायदा सांगतो की गरिबी हटवायच्या योजनांचे लाभार्थी ग्रामसभेने निवडायचे. म्हणजे आपण, सगळ्यांच्या समोर बसून. आपल्याकडे यादी तालुक्याहून टाईप होऊन येते आणि नंतर सह्या गोळा होतात. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची असाही कायदा आहे. ती कधी झाली? रजिस्टरात मात्र झालेली असते.

बचत गटाचे बघा. १९९९ पासून काही वर्षे स्वर्णजयंती योजना चालू होती. १० ते २० बाया गट करतात, मजुरीतले पैसे काढून दर महिन्याला टाकतात, हिशोब चोख ठेवतात. पण त्यातलीच एखादी बाई पिकासाठी कर्ज मागायला बँकेत गेली की पहिला प्रश्न, सातबारा आणला का? सातबारा कुठून आणणार? आजीपासून जी नेवाड जमीन ती खेडते, तिथे सरकार तिला अतिक्रमणदार म्हणते. एका खात्याची ती लाभार्थी, दुसऱ्या खात्याची चोर! सकाळी सक्षमीकरणाच्या कार्यक्रमाला बोलावतात आणि दुपारी मोळी घेऊन उतरली की नाकेदार कोयता हिसकावतो. महू, चारोळी, डिंक ती वेचते, भाव व्यापारी ठरवतो. त्या वनोपजावर गावाची मालकी खरोखर चालू द्या, मशीन ती स्वतःच्या पैशाने घेईल.

वनहक्क कायदा २००६ चा, नियम १ जानेवारी २००८ ला आले. त्यात स्पष्ट लिहिले आहे: पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. बाई एकटी घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. याला लोकवाटा भरावा लागत नाही, साहेबांबरोबर फोटोही लागत नाही.

आता भावांना दोन शब्द, राग आला तरी चालेल. काही पाड्यांवर दाव्याच्या फॉर्मवर बायकोच्या नावाची जागा कोरी सोडली आहे. विधवेच्या जमिनीवर दिराने आपले नाव टाकले आहे. का, तर म्हणे दंडाची पावती पुरुषाच्या नावाची. अरे, फॉरेस्टवाले उभे पीक उपटायला आले तेव्हा आडवे कोण पडले होते? मोर्चात बाया पुढे आणि कागदावर गायब, हे आता बंद करा. पावती तिच्या नावाची नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घ्या, कायद्याने तोही पुरावा आहे. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत आणि त्या अंगठ्यापुरत्या नकोत. मोजणीला त्यांना सोबत न्या. बांध कुठून कुठे जातो ते नवऱ्याआधी त्या सांगतील.

ज्यांचा दावा अजून समितीत आहे त्यांनी कोरी जागा आत्ताच भरून घ्या. आणि या मार्चला जीप आली की साहेबांना आधी ग्रामसभेत बसवा, पाणी द्या, आणि विचारा: आमचे दावे वर कोणाच्या टेबलावर पडले आहेत, किती महिने? उत्तर ठरावाच्या वहीत लिहा, खाली त्यांची सही घ्या. मग मशीनचे बोलू.

जिंदाबाद!