गिरगाव सोडणाऱ्यांपुढील दोन शहरे

दक्षिण मुंबईतील वस्ती ओसरू लागली आहे, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे ३३ लाख ३८ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती ३० लाख ८५ हजारांवर आली. याच दहा वर्षांत त्या वेळच्या अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. एका जिल्ह्यातून उठलेली सर्व बिऱ्हाडे दुसऱ्या जिल्ह्यात विसावली, असा याचा अर्थ अर्थातच नव्हे. ठाणे जिल्ह्याच्या वाढीत परगावाहून आलेल्यांचा वाटा फार मोठा आहे. तथापि प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे या आकड्यांवरून पुरेसे स्पष्ट होते.

गिरगावातील खोताच्या वाडीत हा बदल डोळ्यांना दिसतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ही वाडी वसली. पुढे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी येथे जागा घेऊन लाकडी जिन्यांची आणि ओसऱ्यांची घरे बांधली. एके काळी अशी ६५ घरे होती असे सांगतात. आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. वाडीच्या भोवतालच्या चाळींचा प्रश्न निराळा आहे. वाडीतील घरांत बहुतांशी मालक राहतात, तर चाळींत पागडीचे भाडेकरू. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. परंतु गोठलेल्या भाड्यात इमारतीची दुरुस्ती करण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही. १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने पुनर्बांधणीला जादा चटईक्षेत्राचे आमिष दाखविले आणि १९९९ मध्ये नवा भाडेनियंत्रण कायदा आला. एवढे होऊनही दोन मुलांचे संसार एका खोलीत कसे मांडावेत, या प्रश्नाचे उत्तर चाळीला मिळाले नाही. यास्तव बिऱ्हाड हलते आणि मग घरात तोच प्रश्न उपस्थित होतो: ठाणे की नवी मुंबई?

ही दोन्ही शहरे एकमेकांच्या शेजारी आहेत. पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्या आसमंतात ती वसली असून २००४ पासून ठाणे आणि वाशी ही स्थानके लोकल गाडीने जोडली गेली आहेत. पण त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. ठाणे आधी गाव म्हणून वाढले आणि मग शहर झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदराहून जेथे गेली ते हे ठाणे. मराठी ग्रंथसंग्रहालय तेथे १८९३ मध्ये निघाले. मुंबईचे त्यानंतर पाच वर्षांनी. मासुंदा तलाव, कौपिनेश्वराचे देऊळ आणि १९७८ साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन यांमुळे साहित्य संघात नाटके पाहत वाढलेल्या गिरगावकराला ठाणे परके वाटत नाही.

नवी मुंबई याच्या अगदी उलट मार्गाने आली. ती आधी कागदावर आखली गेली आणि मग वसली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांचा ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश या नियोजित शहरासाठी अधिसूचित झाला. विभागांची आखणी, रुंद रस्ते, शाळांसाठी आणि बागांसाठी आधीच राखलेल्या जागा, हे या शहराचे वैशिष्ट्य होय. शिवाय नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण आहे. ठाणे महापालिकेला असे धरण नाही. तिला निरनिराळ्या योजनांचे पाणी एकत्र करून शहराची तहान भागवावी लागते. पाण्याच्या वेळेवर ज्या गृहिणीचा दिवस अवलंबून असतो, तिच्या दृष्टीने हा फरक सामान्य नव्हे.

नावाचे शहर आणि हाती येणारे घर

येथवर तुलना सोपी आहे: एका पारड्यात शेजार, दुसऱ्या पारड्यात सोयी. अनेक कुटुंबे याच हिशेबाने निर्णय घेतात. परंतु या हिशेबात एक चूक राहून जाते. तुलना होते ती नौपाडा आणि वाशी यांची. घर मात्र नौपाड्यातही घेतले जात नाही आणि वाशीतही नाही. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या मिळकतीला या दोन्ही ठिकाणच्या किमती झेपत नाहीत. प्रत्यक्षात ठाणे म्हणजे घोडबंदर मार्गावरील एखादे नवे संकुल ठरते आणि नवी मुंबई म्हणजे खारघर, कामोठे किंवा पनवेलच्या आसपासची एखादी इमारत.

या कडेच्या वस्त्यांत शहराच्या नावाने सांगितलेले गुण कितपत उरतात, हे तपासून पाहिले पाहिजे. घोडबंदर मार्गाला लोकल गाडी नाही. ठाणे स्थानक गाठण्यासाठी प्रथम बस वा रिक्षा आणि मग गाडी, असा दुहेरी प्रवास तेथील रहिवाशांच्या वाट्याला आला. मेट्रोची त्यांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. इमारती आधी उठल्या आणि पाणी मागून आले, त्यामुळे उन्हाळ्यात टँकरची रांग हे तेथील परिचित दृश्य झाले. ग्रंथसंग्रहालय आणि रंगायतन त्याच शहरात असले, तरी संध्याकाळी पायी जाऊन यावे इतके ते जवळ नाहीत.

दुसऱ्या बाजूचीही स्थिती अशीच आहे. खारघर आणि कामोठे यांना जाहिरातीत नवी मुंबई म्हणतात. परंतु ही उपनगरे नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत येत नाहीत. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत त्यांचा समावेश आहे. म्हणजे मोरबे धरणाचे श्रेय ज्या शहराला दिले जाते, त्या शहरात ग्राहकाचे घरच नसते! याखेरीज सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असून तो पट्टा मुळात ६० वर्षांचा होता. शासनाने अलीकडे या अटी शिथिल करण्याची पावले उचलली असली, तरी घर विकताना वा नावावर करताना सिडकोची परवानगी आणि शुल्क यांचा अनुभव तेथील जुन्या रहिवाशांनी घेतलेला आहे. पागडीची खोली सोडून येणाऱ्याला हे विशेष जाणवावे. कारण अपुऱ्या मालकीला कंटाळूनच त्याने गिरगाव सोडलेले असते.

अनधिकृत बांधकामाचा धोका तर उभयपक्षी आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाटा येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे मेली, ती जागा ठाणे महापालिकेच्याच हद्दीतील. नवी मुंबईत दिघा येथील अनधिकृत इमारतींचा प्रश्न २०१५ साली उच्च न्यायालयापुढे आला तेव्हा त्यांत राहणाऱ्या कुटुंबांवर बेघर होण्याची वेळ आली. नियोजित शहर म्हटले म्हणजे कागदपत्रे पाहण्याचे कारण उरत नाही, ही समजूत घातक होय.

शासनाने न केलेली निवड

दोन्ही शहरांच्या कडेला राहणाऱ्या माणसाचे एक दुःख मात्र समान आहे: त्याचे काम तेथे नाही. सकाळी ठाण्याहून निघणारा आणि बेलापूरहून निघणारा, दोघेही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतात. ठाण्याच्या माणसाला निदान जलद गाडी मिळते. हार्बर मार्गावर जलद गाड्यांसाठी वेगळे रूळच नाहीत. ही परिस्थिती आपोआप निर्माण झालेली नाही. तिचा उगम शासनाच्या जुन्या धोरणात आहे.

१९५९ साली बर्वे अभ्यासगटाने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडच्या भूभागावर वस्ती वाढवावी असे सुचविले. त्यानंतर धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुंबई बेटावरील ताण बाहेर वळविण्याचा आग्रह धरला. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. या सर्व विचाराचे सूत्र एक होते: घरांबरोबर रोजगारही हलला पाहिजे आणि राज्यशासनाने स्वतःची कार्यालये पलीकडे नेऊन त्याचा पाया घातला पाहिजे.

झाले ते वेगळेच. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि त्याच दशकात नरिमन पॉइंट येथे समुद्र हटवून कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. कोकण भवन बेलापूरला बांधले गेले. मंत्रालय जागचे हलले नाही. पुढे नवे वित्तकेंद्र उभारण्याची वेळ आली तेव्हाही निवड झाली ती वांद्रे-कुर्ला संकुलाची. वाशीचा पूल १९७३ मध्ये वाहतुकीस खुला झाला, परंतु वाशीपर्यंत लोकल गाडी जाण्यास १९९२ साल उजाडले. १९८० नंतरच्या दीड-दोन दशकांत कांदाबटाट्याचे, भाज्यांचे आणि मसाल्याचे घाऊक बाजार मात्र तेथे नेण्यात आले. व्यापारी आणि माथाडी यांना स्थलांतराची सक्ती करता आली. मंत्री आणि सचिव यांच्याबाबतीत ती कोणी केली नाही.

या अर्धवट निर्णयाची पहिली किंमत खाडीपलीकडच्या शेतकऱ्यांनी मोजली. ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात मृत्युमुखी पडले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. दुसरी किंमत रोज मोजतो आहे तो गाडीत उभा राहणारा नोकरदार. नरिमन पॉइंट की नवी मुंबई, या प्रश्नाचे सरळ उत्तर शासनाने दिले नाही. म्हणून ठाणे की नवी मुंबई, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्याला मिळत नाही. तो कोणतेही शहर निवडो, दिवसाचे तीन तास प्रवासात जाणार हे ठरलेलेच असते.

या पार्श्वभूमीवर कुटुंबाने काय करावे? पहिली गोष्ट ही की, शहराच्या नावावर न जाता त्या विशिष्ट वस्तीची चौकशी करावी. ती कोणत्या महापालिकेत आहे, पाणी कोठून येते, स्थानक पायी किती अंतरावर आहे, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, जमिनीची मालकी कोणाची, या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याखेरीज पैसे गुंतवू नयेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आजवर हा निर्णय मिळवत्या माणसाच्या कचेरीचे अंतर मोजून घेतला जातो. पण तो घरी असतो किती वेळ? नव्या जागेत सारा दिवस काढायचा असतो तो वृद्धांना, मुलांना आणि बहुधा गृहिणीला. चाळीच्या गॅलरीत ज्यांची संध्याकाळ बोलण्यात जात असे, त्या आजी-आजोबांना नव्या वस्तीत वाचनालय, दवाखाना आणि बसायला एखादा पार पायी गाठता येईल काय, हे पाहिल्यावाचून केलेली तुलना अपुरी होय.

परंतु सर्व शहाणपण ग्राहकानेच दाखवावे, ही अपेक्षाही न्याय्य नव्हे. पाणी आणि सार्वजनिक वाहतूक पोहोचण्यापूर्वी वस्तीला परवानगी देऊ नये, एवढा साधा नियम दोन्ही बाजूंच्या महापालिका आणि सिडको कटाक्षाने पाळू शकतात. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि २०२५ च्या अखेरीस नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. शासनाची कार्यालये पलीकडे नेण्यास आता दळणवळणाची सबब सांगता येणार नाही. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो गिरगावात येऊन पोहोचली. ज्यांनी धक्के खात चर्नी रोड स्थानक गाठण्यात आयुष्य घालविले, त्यांच्यापैकी कित्येक तोवर तेथून निघून गेले होते. उरलेल्यांना तरी आपल्याच वाडीत राहता यावे, म्हणून रखडलेली पुनर्बांधणी मुदतीत पूर्ण करणे हे शासनाचे काम आहे. ठाणे की नवी मुंबई हा प्रश्न आवडीचा असावा, नाइलाजाचा नव्हे. आणि तो तसा होण्यासाठी गिरगावातच राहण्याचा तिसरा मार्ग खुला असणे आवश्यक आहे.