वाचकाच्या वतीने बोलणारे



यंदा बीडला रेल्वे आली. सप्टेंबरच्या पावसाने उभी पिके नेली, कुठे मातीही नेली. हा दिवाळी अंक हाती पडेल तेव्हा कोयता घेऊन माणसे उसाच्या फडाकडे निघालेली असतील. या साऱ्यावर आत लेख आहेत. मला लिहायचे आहे ते वर्षभर सलणाऱ्या एका वाक्याविषयी : ‘आपल्याकडच्या वाचकाला हे कळायचं नाही.’

गेल्या दिवाळीत आम्ही जी. ए. कुलकर्णी आणि विलास सारंग यांच्या स्वप्नवत, अतिवास्तव कथांवर अभिप्राय मागवले. तेव्हापासून हे वाक्य कानी येते आहे. ते म्हणणारे आहेत प्राध्यापक, वाचनालयांचे पदाधिकारी, लेखकमित्र. बीडच्या माणसाने दुष्काळ, कर्ज आणि ऊसतोड एवढेच वाचावे, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे. भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’ या शेतकऱ्याच्या कथेचे मोल आम्ही जाणतो. पण मराठवाड्याच्या वाट्याला तेवढेच, हा कुठला न्याय?

वाचकांचे म्हणणे निराळेच निघाले. सर्वाधिक पत्रे आली ती जी. एं.च्या ‘पिंगळावेळ’मधल्या ‘स्वामी’वर. एका वाटसरूला मानाने मठात नेतात, स्वामी म्हणून पूजतात आणि जमिनीखाली कायमचे कोंडतात, अशी ती कथा. केज तालुक्यातल्या एका बाईंनी लिहिले की, आपल्यालाही लक्ष्मी म्हणून उंबरठ्याच्या आत घेतले आणि मागे दार लागले. या कथेचा याहून खरा अर्थ मी समीक्षेत वाचलेला नाही. सारंगांच्या एका कथेत विसर्जनाच्या वेळी गणेशमूर्ती जिवंत होतात. ती काहींना रुचली नाही, आणि त्यांनी तसे ठणकावून कळवले. कळली नाही, एवढेच लिहिणारेही होते. त्यांचेही स्वागत, कारण ते वाचून बोलले.

कोड्यात बोलणे आपल्याला नवे नाही. आपल्याकडे हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरांचा कूट अभंग म्हटला जातो. काट्याच्या टोकावर तीन गावे, त्यातली दोन ओसाड, तिसरे वसलेलेच नाही! मांडवातली अक्षरओळख नसलेली म्हातारीही ते ऐकून मान डोलावते. असे गाव कुठल्या तालुक्यात, हे ती विचारत नाही. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांनी आणि दासोपंतांनी लोकांच्या भाषेत ब्रह्मविचार मांडला, दासोपंतांनी तर चाळीस फुटी पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, लिहून काढला. श्रोत्यांची कुवत आधी मोजून कुणी लेखणी उचलली नव्हती.

जी. एं.नीही वाचकाची कुवत मोजली नाही. लोकांत मिसळणे टाळणारा हा लेखक धारवाडहून पत्रांना मात्र मनापासून उत्तरे देई. त्या पत्रांचे चार खंड झाले आहेत.

यंदाचा अंक म्हणूनच कथा विशेषांक आहे. तो वाचा, आवडला नाही तर तसे कळवा. आणि आपल्या गावच्या वाचनालयात जी. एं.चे ‘काजळमाया’, ‘पिंगळावेळ’ आणि सारंगांचे ‘सोलेदाद’ हे कथासंग्रह आहेत का, ते पाहा. नसतील तर मागणी-वहीत पुस्तकाचे नाव नोंदवून लेखी मागणी करा.