मोठेबाबांच्या कपाळावरची खूण आणि आपली वही



आमचं गाव सावरगाव. जाम नदीच्या पलीकडे पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन काठांमध्ये गोटमार होते, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. नदीच्या मध्यभागी पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. पांढुर्णावाले तो तोडायला येतात, सावरगाववाले राखतात आणि दिवसभर गोटे चालतात. माणसं मेलीही आहेत. प्रशासन दरवर्षी रुग्णवाहिका आणि उपचार केंद्रं उभी करतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात जखमींचा आकडा येतो.

माझ्या मोठेबाबांच्या कपाळावर त्याच गोट्याची खूण आहे. पण ते कुठल्याच आकड्यात नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "दवाखान्यात कोन जाते बाप्पा? चंडीमातेची भभूत लावली अन् पुन्हा नदीवर गेलो." कोणतं साल? "नदीला लय पानी होतं, त्या साली."

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, लॉग दाखवा. लॉग नसेल तर चर्चा नुसती अंदाजाची. पेपरातला आकडा केंद्रापर्यंत पोचलेल्यांचा असतो, हे मला मोठेबाबांमुळे कळलं.

आता आपल्याकडे या. मागच्या गणपतीत हॉलच्या मागच्या पायरीवरून एक चिमुकली घसरली, हनुवटी फुटली, टाके पडले. तिला गाडीत बसवताना एक काकू म्हणाल्या, "मागच्या वर्षी इथेच आजी पडल्या होत्या." आजींचं पडणं कुणी लिहिलं असतं तर? मी कार्यकारिणीत होतो. मीही नव्हतं लिहिलं. हे अजून टोचतं.

म्हणून यंदा शंभर पानी वही घेतली, एका घटनेला एक पान. तारीख, वेळ, नेमकी जागा, काय झालं, काय उपचार केला, कुणी पाहिलं, लिहिणाऱ्याची सही. त्याच दिवशी लिहायचं. घरी जाऊन झोपलो की आठवणीत भर पडते. दोष कुणाचा हे लिहायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगणारच नाही. खाली एक रिकामी ओळ ठेवली आहे: "यावर काय केलं?" ती भरेपर्यंत पान बंद होत नाही. (एक्सेल करू का, असं तिघांनी विचारलं. करा, पण पंगतीच्या गडबडीत लॅपटॉप कोण उघडणार?)

वही कुलपात राहते. लहान मुलांची नावं, पालकांचे नंबर त्यात आहेत, तेव्हा पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

आणि लागलं नाही तरी लिहा. पहिली नोंद तशीच आहे: "मागची पायरी, ओली. पाय सरकला, लागलं नाही." खालची ओळ चार दिवसांनी भरली: "खरबरीत पट्टी लावली, बल्ब बदलला."